वायसरकाकांची परतीची लाइन

वायसरकाकांचा खिसा उलटा केला तर पैसे पडतीलच असं नाही, वायसर मात्र नक्की पडतात. रबराचे, फायबरचे, एखादा पितळी. कपडे धुवायला टाकण्याआधी काकू ते काढतात आणि ओट्याच्या कडेला मापाप्रमाणे ओळीत मांडतात. नाव त्या खिशावरूनच पडलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचणारा माणूस बहुधा पत्ता चुकलेला असतो.

काका नळकाम करतात. अडतीस वर्षं झाली. या गल्लीत असं घर नाही ज्याची भिंत त्यांनी फोडलेली नाही. "डॉक्टरला माणसाचं आतलं दिसतं, मला घराचं," ते म्हणतात. "फरक एवढाच की माझी चूक लपत नाही. खालच्या मजल्यावर टपकते."

गळती शोधायची त्यांची पद्धत जुनी आहे, उस्तादाकडून आलेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाईपवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. पाईप बोलतो. काकांना आपल्या या कानाचा फार अभिमान होता आणि या कानानेच त्यांचं पहिलं मोठं हसं केलं.

ती गोष्ट लग्नाआधीची. एका घरात भिंतीला ओल आली होती. वायसर गेले, तेव्हा ते काका नव्हते, नुसतेच वायसर होते. कान लावला. "इथे," म्हणाले आणि छिन्नी घातली. तीन टाइल्स फुटल्या. आत ठणठणीत कोरडं. पुन्हा कान लावला. आणखी दोन फुटल्या. तेवढ्यात त्या घरची मुलगी पुढे आली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिने भिंतीवर तळहात ठेवला, सावकाश सरकवत नेला, हातभर लांब जाऊन थांबली आणि नखाने टिचकी मारली. तिथे फोडलं तर पाण्याची धार थेट वायसरांच्या तोंडावर.

"त्या पाच टाइल्स तशाही पोकळच होत्या," असं ते तोंड पुसत म्हणाले. लग्न त्याच मुलीशी झालं. लग्नानंतरही ते हेच म्हणत राहिले. तीस वर्षं म्हणत आलेत. काकू वाद घालत नाहीत. नुसता पंजा वर करून पाच बोटं दाखवतात आणि कामाला लागतात.

काकूंना ऐकू येत नाही, त्या तोंडाने बोलत नाहीत. तरी त्या घरात सगळ्यात बोलकं माणूस कोण, असं विचारलं तर शेजारीपाजारी त्यांच्याकडेच बोट दाखवतील. त्या हातांनी बोलतात. खुणांची ती भाषा पुरी भाषा आहे, तिच्यात टोमणे आहेत, शिव्या आहेत, कानात सांगायच्या गोष्टीही आहेत. घराची घंटा वाजत नाही, स्वयंपाकघरात पिवळा दिवा लागतो. काकूंना हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. या भाषेत प्रत्येकाला एक नाव असतं, तेही हाताचंच. काकांचं नाव म्हणजे मूठ धरून गच्च नळ बंद केल्यासारखी फिरवायची.

काकांचे स्वतःचे हात मात्र पाईपपान्यावर घडलेले. बोटं जाड. उजवा अंगठा कधीतरी लोखंडी पाईपखाली सापडला, तो तेव्हापासून आत दुमडलेलाच. "हातांनी बोलताना मी तोतरा आहे," ते सांगतात. "त्यात माझ्या हातात सदा काहीतरी असतं. म्हणजे आमच्या घरात मुका कोण, तर मी."

लेकीचं तसं नाही. ती पहिला शब्द हातांनी बोलली. ती घरी असली की जेवण थंड होतं, कारण मायलेकींचे हात घास उचलायला रिकामे नसतात. काका एकटेच जेवत बसतात, दोघींच्या हातांकडे बघत. निम्मं कळतं. उरलेलं आपल्याबद्दल असणार, असं ते धरून चालतात.

या लेकीला यंदा नोकरी लागली. दुभाष्याची. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं दवाखान्यात, कचेरीत जातात, तेव्हा तिथल्या पडद्यावर दुभाष्या येतो आणि डॉक्टरचं बोलणं हातांनी सांगतो. काम घरी बसून करता येणार होतं. अट एकच होती. सोमवारी सकाळी अकरा वाजता कंपनीची बाई एक तास तपासणी घेणार. त्या तासात चित्र एकदाही थबकता कामा नये.

"एवढं काय त्यात?" काका म्हणाले. "थोडं थबकलं तर थबकलं."

"बाबा, डॉक्टर म्हणाला गोळ्या थांबवा, आणि 'थांबवा'च्या आधीच चित्र अडकलं तर?"

काकांनी हातातला वायसर खिशात टाकला.

"आणि पास नाही झालं तर?"

"तर त्यांच्या ऑफिसात बसायचं. तिकडे."

तिकडे म्हणजे गाडीने आठ तास. काका "बरं" म्हणाले आणि उठून एक न गळणारा नळ घट्ट करू लागले. त्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. लेक गेली तर काकूंशी दिवसभर बोलायला घरात उरतो कोण? तोतरा.

घरात इंटरनेट होतं, पण ते खाली बैठकीच्या खोलीत. लेकीची खोली सगळ्यात वर, दुसऱ्या मजल्यावर. तिथे वायफाय जेमतेम पोचायचं आणि दम लागल्यासारखं थांबायचं. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन यंत्र घेऊन जिन्यावरून दोनदा वरखाली झाला.

"भिंतीत काय आहे हो?"

"पाईप," काका म्हणाले.

"एवढे? आणि खोलीच्या या बाजूला?"

"टाकी."

"लोखंडी पाईप आणि हजार लिटर पाणी! वायफाय जाणार कुठून? कोणी केलं हे काम?"

काकांनी छताकडे पाहिलं. "असेल कोणी जुना गाढव," ते म्हणाले.

हे घर त्यांनी खोलीवर खोली चढवून स्वतः बांधून घेतलं होतं आणि भिंतीत सात पिढ्यांना पुरतील एवढे पाईप घातले होते. लेकीची वाट त्यांच्याच पाण्याने अडवली होती. तेव्हा ती मोकळी करणं त्यांच्याकडेच आलं. "केबल टाकू," त्यांनी जाहीर केलं. "खालपासून वरपर्यंत. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र. बाहेरचा माणूस नको. पाणी असो की इंटरनेट, इकडून तिकडे न्यायचं एवढंच ना?"

काकूंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे. मग काकूंनी हातांनी विचारलं, "टाइल्स किती फुटणार?"

कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा तयार झाला. कंपनीची लाइन ज्या डबीत उतरते ती राऊटर. काकांनी नकाशात तिला 'टाकी' लिहिलं. तिच्यातून निघालेली एक केबल अनेक वाटांना वाटून देणारी डबी म्हणजे स्विच; ती झाली 'टी', म्हणजे तीन तोंडी सांधा. अशा तीन टी, प्रत्येक मजल्यावर एक. दुकानदाराने घरासाठी साधी केबल पुढे केली. काकांनी ती चिमटीत दाबून पाहिली आणि परत सरकवली. "याहून जाड?" दुकानातली सगळ्यात जाड केबल घेऊन ते घरी आले. ती इतकी ताठ होती की वेटोळं सोडल्याबरोबर उसळून तिने कपबशी पाडली.

काम पंधरा दिवस चाललं. भिंत फोडायची वेळ आली नाही, कारण पाण्याच्या जुन्या, काढून टाकलेल्या टाकीचा एक रिकामा पाईप तिन्ही मजले चिरत वर गेलेला होता. केबल त्यातून ओढायची होती. ओढायला काकांनी तुंबलेल्या मोरीत घालायची लांब स्प्रिंग काढली. काकूंनी ती तीनदा साबणाने धुवायला लावली, चौथ्यांदा स्वतः धुतली.

खरी परीक्षा पुढेच होती. या केबलच्या पोटात केसासारख्या आठ तारा असतात. त्या ठरलेल्या रंगक्रमाने सरळ ओळीत धरायच्या, छोट्या पारदर्शक टोकात सारायच्या आणि पकडीने दाबायच्या. काकांच्या बोटांना दीड इंची पाईपाची सवय. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, असं ते पुटपुटत राहायचे आणि सहाव्या तारेला पहिली सुटायची. पहिल्या दिवशी चौदा टोकं वाया गेली. पंधरावं बसलं. त्याला त्यांनी सवयीने पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली.

"बाबा, हे काय?"

"गळू नये म्हणून."

लेकीने टेप सोडवली आणि खोलीबाहेर जाऊन आईला सांगितलं. बराच वेळ दोघींचे खांदे हलत होते.

पण काम झालं. आणि झालं तेही देखणं. केबली एका रेषेत, दर हातावर चिमटा, वळणं गोल आणि मोठी, कारण काटकोनात मोडली तर आतल्या तारा दुखावतात असं डब्यावर लिहिलं होतं. प्रत्येक टोकावर मेणाच्या पेन्सिलने मजला आणि तारीख. राऊटरमध्ये शिरून लेकीने अशी सोय केली की घरात कोणीही काहीही बघत असलं तरी तिच्या कामाला वाट आधी मिळेल. रविवारी दुपारी तिने वरच्या खोलीतून वेग मोजला. आकडा बघून ती एकदम आईच्या गळ्यातच पडली. काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला, केबलवर टेकवला, मूठ कानाला लावली.

"काय ऐकू येतंय?" लेकीने विचारलं.

"काहीच नाही. त्याचीच काळजी वाटते."

इथे थांबले असते तर ते वायसरकाका कसले! हात दाखवून अवलक्षण हा त्यांचा जुना धंदा आहे, नळकाम तर नंतर आलं.

त्यांना टोचत होतं ते शेवटचं टोक. खालच्या टीमधून मधली, मधल्या टीमधून वरची, आणि वर लाइन संपली. नळकामात याला आंधळी लाइन म्हणतात. लांबच्या टोकाला प्रेशर कमी पडतं, गाळ साचतो, आणि मध्ये काही झालं तर पुढचे सगळे कोरडे. म्हणून शहाणा नळवाला शेवटचं टोक तिथेच सोडत नाही. तिथून एक पाईप मागे आणून सुरुवातीला जोडतो. गोल पूर्ण. पाणी दोन्ही बाजूंनी येतं. काकांनी उमेदीत केलेल्या सगळ्या चांगल्या इमारती अशाच परतीच्या लाइनवर उभ्या आहेत. लेकीचं टोक आंधळं सोडायचं? सगळ्या गल्लीला दोन बाजूंनी पाणी दिलं आणि पोटच्या पोरीला एकीकडून?

संध्याकाळी कोपऱ्यावर चहा पिताना त्यांनी वायरमनला विचारलं. वायरमन त्यांचा तीस वर्षांचा मित्र. दोघं एकाच भिंतीत काम करत आलेत आणि एकमेकांना शिव्या देत आलेत.

"रिंग करू का रे?"

"करच," वायरमन म्हणाला. "आम्हीपण रिंग टाकतो. एकीकडून तुटली तर दुसरीकडून चालू."

"बघ. तुलासुद्धा कळतं."

"तुझ्याआधीपासून कळतं. तुझ्या पाण्याने माझे किती बोर्ड जाळलेस, मोजलेत मी."

दोन तज्ज्ञांचं एकमत झालं. या गल्लीत ते क्वचित होतं, आणि झालं की लोकांनी सावध व्हावं.

सोमवारी साडेनऊला लेक आंघोळीला गेली. परतीची केबल काकांनी शनिवारीच बाहेरच्या भिंतीवरून ओढून ठेवली होती, असू दे म्हणून. तिचं एक टोक त्यांनी लेकीच्या खोलीतल्या टीमध्ये बसवलं, खाली येऊन दुसरं खालच्या टीमध्ये. टक् असा छान आवाज आला. गोल पूर्ण झाला. काका हात धुवायला गेले. नळाखाली हात धरून ते चक्क गुणगुणत होते.

"बाबा!"

दहाला पाच कमी. लेक ओल्या केसांनी जिन्यात उभी. इंटरनेट गेलं होतं. नुसतं वर नाही. मधे नाही, खाली नाही, कुठेच नाही.

काका धावले. तिन्ही डब्यांवरचे सगळे हिरवे दिवे एकदम लवलवत होते, इतके भराभर की डोळ्यांना सतत लागलेलेच वाटावेत. "बघ, किती जोरात चाललंय!" ते म्हणाले. "मग मिळत का नाही?" लेक म्हणाली.  काकांनी नळवाल्यासारखा विचार केला: लाइन भरलेली, नळ कोरडा, म्हणजे मध्ये कुठेतरी सांधा सुटलाय. ते एकेक टोक कापून नवं बसवू लागले. पांढरा-नारिंगी, नारिंगी.  तीन टोकं वाया गेली.

वायरमनला बोलावणं गेलं. तो चपला हातात घेऊनच आला. त्याने टेस्टर लावला, वीज पाहिली. "माझ्याकडून सगळं ठीक," तो म्हणाला. हे तो कायम म्हणतो. मग त्याने सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. दिवे शांतपणे लुकलुकले, लेकीच्या पडद्यावर पान उघडलं, तिघांनी श्वास सोडला आणि पाच मोजायच्या आत सगळे दिवे पुन्हा पेटून उठले. पान गेलं. इंटरनेट कंपनीला फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि संगीत सुरू झालं.

दहा चाळीस.

लेक खुर्चीत बसली. आवाज अगदी साधा होता. "बाबा, राहू दे. मी त्यांना कळवते, मी तिकडेच येते म्हणून. तिकडेही लोक राहतातच."

काका मधल्या टीसमोर उकिडवे बसले होते. एका हातात पकड, दुसऱ्यात केबल, दातात आणखी एक टोक. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण बोलायला ना तोंड मोकळं होतं ना हात.

काकू जिन्याच्या पायरीवर बसून मघापासून दिव्यांकडे बघत होत्या. कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आता त्या उठल्या आणि त्यांनी जोरात पाय आपटला. घरात हा पाय त्यांना बोलवायला आपटतात. त्या कधी आपटत नाहीत. सगळे वळले.

"हे दिवे ओरडतायत," त्या हातांनी म्हणाल्या. "रविवारी एक लागायचा, मग दुसरा. एक बोलायचा, बाकीचे बघायचे. आता सगळे एकदम. एकच गोष्ट, पुन्हापुन्हा. आमच्या कर्णबधिर संघटनेच्या सभेत असंच होतं. सगळ्यांचे हात वर, बघत कोणीच नाही." मग त्यांनी काकांकडे पाहिलं. मूठ गच्च फिरवली. "तू सकाळी काय केलंस?"

काकांनी मान हलवली. काही नाही.

"हात मोकळे कर," काकू म्हणाल्या, "आणि मग खोटं बोल."

काकांनी पकड खाली ठेवली. केबल ठेवली. दातातलं टोक काढलं. मोकळे हात समोर धरले. मग जाड बोटाने त्यांनी हवेत एक गोल काढला. वरपासून खालपर्यंत, आणि परत वर.

काकू खाली गेल्या. खालच्या टीमध्ये काल नव्हती अशी एकच केबल होती. तिच्यावर मेणाच्या पेन्सिलने सोमवारची तारीखही लिहिलेली होती, चोराने सही करून जावी तशी. काकूंनी तिच्या टोकाची चिमुकली कळ दाबली आणि ती उपटली.

दिवे थांबले. एक लुकलुकला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"आलं!" वरून लेक ओरडली, आणि लगेच धावत येऊन तेच आईला हातांनी सांगितलं.

दहा पन्नास. वायरमन भिंतीला टेकून उभा होता. "मी रिंग कर म्हणालो होतो का रे?" त्याने हळूच विचारलं.

"करच म्हणालास."

"मला वाटलं तू पाण्याचं विचारतोयस," असं म्हणून त्याने चपला घातल्या आणि तो गेला.

केस पुसता पुसता लेकीने बापाला थोडक्यात समजावलं. पाणी गोल फिरतं तेव्हा वाटेत कोणीतरी नळ उघडून ते पितं, ते संपतं. निरोप संपत नाही. 'कोण आहे?' अशी एक हाक गोलात सुटली की प्रत्येक डबी ती पुढे ढकलते, ती फिरून परत येते, ती पुन्हा ढकलते. थोड्याच वेळात त्या हाकांनी सगळी लाइन भरून जाते आणि कामाच्या बोलण्याला जागा उरत नाही.

"म्हणजे मी घरात अफवा सोडली," काका म्हणाले.

"तेच. आता जा. आणि कशालाही हात लावू नकोस."

अकराला तपासणी सुरू झाली. पडद्यावर कंपनीची बाई आली. तिलाही ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची, लेक ते तोंडाने सांगायची. मग कोणीतरी दुसरं तोंडाने बोलायचं, लेक ते हातांनी. दवाखाना, बँक, शाळेतली तक्रार. प्रश्न भराभर येत होते.

काकांना बाहेर काढलं होतं. पण टीवरचे दिवे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. ते लेकीच्या पाठीमागे दाराबाहेर उभे राहिले. दार अर्धं उघडं होतं. काकू शेजारी. वीस मिनिटं गेली. दिवे शहाण्यासारखे पाळीपाळीने लुकलुकत होते. बाईचे हात पडद्यावर अखंड वाहत होते, एकदाही थबकले नव्हते.

काकूंनी काकांकडे पाहिलं.  पंजा वर केला नाही. पाच बोटं दाखवली नाहीत. तेच काकांना सहन झालं नाही.

त्यांचे हात मोकळे होते. ही घटना त्या घरात दुर्मीळ.

"चूक माझी," ते हातांनी म्हणाले. अंगठा आत दुमडत होता, शब्द अडखळत होते. "तुझं बरोबर. आज पण." मग थांबले. घाम पुसला. "त्या टाइल्स पोकळ नव्हत्या."

काकूंनी पुन्हा सांग अशी खूण केली.

"पाचही नव्हत्या. चांगल्या होत्या. मी गाढव. आणि पोर गेली असती तर तुझ्याशी बोलायला मला आलं नसतं. म्हणून भीती वाटली. म्हणून दोन लाइनी."

काकूंनी त्यांचा तो वाकडा अंगठा धरला, बाहेर काढला आणि सरळ करून दाखवला. शब्द असा बोलतात. मग हात सोडून दिला. अंगठा परत आत गेला.

बाराला तपासणी संपली. बाईने समोरचा कागद बाजूला केला. ती हसत होती.

"हातांना वेग चांगला आहे," ती लेकीला म्हणाली. "लाइनही उत्तम, घरूनच काम करा. चित्र इतकं स्वच्छ आहे की तुमच्या मागे दारात उभ्या असलेल्या गृहस्थांचा शब्दन्‌शब्द मला दिसला. बोली जरा जड आहे त्यांची. पण कळली." मग ती पुढे झुकली. "टाइल्सचं काय प्रकरण आहे?"

लेक गर्रकन वळली. दारात कोणी नव्हतं. काका जिना उतरत होते, दोन दोन पायऱ्या गाळत. काकू मात्र थेट खोलीत शिरल्या, खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या आणि पडद्यावरच्या बाईला त्यांनी एवढंच विचारलं, "हे सगळं तुमच्याकडे साठवलेलं असतं का?"

"असतं. तीन महिने."

"मला त्यातला दारातला भाग हवा."

तो भाग आला. काकूंच्या फोनमध्ये आहे. काकांनी वाद घालायला तोंड उघडलं, किंवा हात उचलला, की त्या फोन पुढे धरतात. पंजा दाखवायचं त्यांनी बंद केलं आहे.

परतीची केबल काकांना काढून टाकवेना. खपून ओढलेली होती. तिची दोन्ही टोकं मोकळी लोंबत राहिली, आणि मोकळं टोक तर त्यांना बघवत नाही. संध्याकाळी वायरमन विचारपूस करायला आला, म्हणजे हसायला आला, तेव्हा काका खालच्या टोकावर पाईपाचं प्लास्टिकचं बूच बसवत होते. वरून टेफ्लॉनचे तीन पदर.

"अरे, यातून गळणार काय आहे?" वायरमन म्हणाला.

"अक्कल," काका म्हणाले. टेप दाताने तोडली. "बरीचशी सकाळी गेली. उरलेली राहू दे."